नवी चेन, जुनं फ्रीव्हील: चढावर चेन उडण्याचं एक प्रकरण

"मामा, चेन नवीन घातल्यापासनं चढाला जोर दिला की खटकन उडतीया. पाय एकदम खालीच जातोय."

तपासाचं निम्मं काम सायकलमालकाच्या या दोन वाक्यांनीच करून दिलं आहे. चेन नवी आहे, उडते ती जोर दिल्यावर, आणि त्रास सुरू झाला तो चेन बदलल्यापासून. तरीही ही सायकल पंधरा दिवसांत दोनदा दुरुस्तीला जाऊन आली. दोन्ही वेळा जिथून आवाज येतो तिथेच हात घातला गेला, आणि दुसऱ्या वेळी मूळचा त्रास जाण्याऐवजी त्याला आणखी एक जोडला गेला. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण तेच आहे. चेन उडणं हा बिघाड रोजचा आहे, त्याचं उत्तर मोजमापात मिळतं, आणि मोजमाप सोडून बाकी सगळं केलं जातं.

सायकल हायब्रिड, वय अडीच वर्षं. पुढे पेडलजवळ ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चेनव्हील. मागच्या चाकावर फ्रीव्हील, म्हणजे दात्यांच्या सात चकत्यांचा संच, दाते १४-१६-१८-२०-२२-२४-२८. मालक कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आठवड्यातले चार-पाच दिवस तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सायकलने जातो, रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा. त्याच्या हिशेबाने पहिल्या चेनवर आठेक हजार किलोमीटर झाले होते आणि त्यात दोन पूर्ण पावसाळे गेले होते. चेन खरखर करायला लागली म्हणून बदलली. फ्रीव्हील "चांगलं आहे" म्हणून तसंच ठेवलं.

हा बिघाड नुसता त्रासाचा नाही, धोक्याचा आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढे घाटात उभं राहून पेडल मारताना अंगाचा सगळा भार एका पायावर असतो. तेवढ्यात चेन एक दाता सोडून पुढे पडली, तर पाय खाली आपटतो, गुडघा हँडलवर बसतो आणि सायकल रस्त्याच्या मध्ये सरकते. मागून एसटी आणि पर्यटकांच्या गाड्या येतच असतात. असली सायकल "चालतेय तोवर चालवू" म्हणून घाटात न्यायची नाही.

आधी काय काय झालं होतं

पहिल्या फेरीत केबल ताणली गेली. डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग. त्याच्या केबलचं बॅरल, म्हणजे ताण कमी-जास्त करायचा फिरता नट, जवळजवळ पूर्ण बाहेर आलेलं होतं. चेन शेजारच्या मोठ्या चकतीला घासून सतत किरकिर करत होती, आणि चढावर उडणं तसंच. दुसऱ्या फेरीत निदान झालं की "चेन ढिली आहे", म्हणून दोन कड्या काढून चेन आखूड केली आणि तीच पिन परत ठोकून जोडली. डिरेलर असलेल्या सायकलला हे निदान लागूच पडत नाही. एका गिअरच्या सायकलला चेनचा ताण मागच्या चाकाच्या नटावर ठरतो, तिथे ढिली चेन उतरते. डिरेलरच्या सायकलला ताण देण्याचं काम डिरेलरच्या पिंजऱ्यातली, म्हणजे दोन पुल्या धरणाऱ्या भागातली, स्प्रिंग करते. एखादी कडी जास्त असल्याने चेन दात्यावरून उडत नाही.

मालकाने एक गोष्ट मात्र फार चांगली केली होती. जुनी चेन आणि नंतर काढलेला दोन कड्यांचा तुकडा त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणला होता. बहुतेक वेळा जुनी चेन थेट भंगारात जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो.

एकाच शब्दाखाली चार बिघाड

"चेन उडते" असं सगळेच म्हणतात, पण या शब्दाखाली निदान चार वेगळे बिघाड असतात. एकात रोलर दात्याच्या शेंड्यावर चढून पुढच्या खोबणीत पडतो. दुसऱ्यात चेन दोन चकत्यांच्या मध्ये नाचते, म्हणजे गिअर नीट बसलेला नसतो. तिसऱ्यात एखादी कडी कडक झालेली असते आणि ती पुलीतून जाताना दर वेळी झटका देते. चौथ्यात चेन जागची हलतही नाही; फ्रीव्हीलच्या आतले, चकत्यांना एकाच दिशेने अडवणारे खटके सुटतात आणि पेडल क्षणभर मोकळं फिरतं. चारही वेळा पायाला झटकाच जाणवतो. फरक असतो तो झटका कधी आणि किती वेळाने येतो यात.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारला: झटका ठरावीक अंतराने येतो की कसाही? त्याने थोडा विचार करून दोन्ही येतात असं सांगितलं. एक छोटा झटका सारखा, सपाटीलाही. दुसरा मोठा, फक्त चढावर किंवा सिग्नलवरून उठताना. सायकलवर एक नव्हे, दोन बिघाड होते हे इथेच उघड झालं. आधीच्या दोन फेऱ्यांत हा गुंता सुटला नाही तो याच कारणाने.

छोट्या झटक्याचा हिशेब कागदावर होतो. आखूड केल्यावर चेन १०६ कड्यांची उरली होती. पुढे ३४ चं चेनव्हील असेल तर पेडलच्या एका फेरीत ३४ कड्या पुढे सरकतात. १०६ भागिले ३४, म्हणजे साधारण ३.१. चेनमधल्या एखाद्याच कडीत दोष असेल तर झटका पेडलच्या तीन फेऱ्यांना एकदा यायला हवा. ४२ च्या चेनव्हीलवर तो अडीच फेऱ्यांना येईल, २४ वर साडेचारच्या जरा आत. सायकल स्टँडवर घेऊन पेडल हळू फिरवलं आणि मोजलं. तीन फेऱ्या, झटका. तीन फेऱ्या, झटका. मागची चकती कुठलीही घेतली तरी तेच.

कडी शोधायला पेडल उलटं, अगदी सावकाश फिरवायचं आणि नजर डिरेलरच्या खालच्या पुलीवर ठेवायची. चेन पुलीला वळसा घालते तिथे प्रत्येक कडी वाकावी लागते. जी वाकत नाही ती पुलीवरून कमानीसारखी वर उचलली जाते आणि पिंजरा पुढे उडी मारतो. इथे ती कडी जोडाचीच निघाली, दुसऱ्या फेरीत परत ठोकलेली पिन. पिन एका बाजूला कडीच्या पट्टीच्या आत गेलेली आणि दुसऱ्या बाजूला बाहेर डोकावत होती. नखाला सहज लागत होती.

पिन परत का ठोकायची नाही, ते इथेच सांगायला हवं. कारखान्यात पिनचं डोकं बाहेरच्या पट्टीवर दाबून पसरवलेलं असतं. ती पिन बाहेर काढताना ते डोकं पट्टीच्या भोकातून ओढलं जातं आणि भोक सैल होतं. परत बसवली की वर-वर बसल्यासारखी दिसते, पण पट्टीची पकड गेलेली असते. आज ती कडक आहे, उद्या एका बाजूने निसटेल आणि चेन तुटेल. पूर्वीच्या जाड, एका गिअरच्या चेनला हे चालून जायचं. गिअरच्या सायकलच्या बारीक पिनला चालत नाही.

मोठा झटका

आता मुख्य बिघाड. आधी फ्रीव्हीलचे खटके निर्दोष आहेत की नाही ते बघितलं. चेन पुढे ताणून, म्हणजे पेडलवर हलका दाब ठेवून, फ्रीव्हीलच्या बाहेरच्या फिरत्या भागापासून आतल्या न फिरणाऱ्या भागापर्यंत व्हाइटनरने एक सरळ रेघ मारली. दाब दिल्यावरच रेघ मारायची, नाहीतर ती पहिल्या खटक्यापर्यंत आपोआप सरकते आणि चुकीचा निष्कर्ष निघतो. व्हाइटनरचा दुसरा ठिपका चेनच्या एका रोलरवर आणि तो ज्या खोबणीत बसलाय तिथे.

मग सायकल जमिनीवर उभी केली. पुढे ३४, मागे १८. मागचा ब्रेक घट्ट दाबलेला, उजवा पेडल पुढे आडवा, आणि त्यावर उभं राहून अंगाचा भार. पहिल्या दोन दाबांना काही नाही. तिसऱ्याला खटकन आवाज झाला आणि पेडल खाली गेलं. रेघ अखंड राहिली, पण रोलरवरचा ठिपका खोबणीतल्या ठिपक्यापासून एक दाता पुढे सरकला होता. म्हणजे खटके ठीक आहेत, चेन दात्यावरूनच उडते. हीच चाचणी १६ वर, २० वर केली, तिथेही उडाली. २२ वर एकदाच, बराच जोर दिल्यावर. २४ आणि २८ वर अजिबात नाही. १४ वरही नाही.

हा क्रम फार बोलका आहे. गिअर बसवण्यातली चूक असती तर ती अशी मधल्या चकत्या निवडून आली नसती. ३४ च्या चेनव्हीलबरोबर १६, १८ आणि २० याच चकत्या मालक रोज वापरतो. महामार्गावर १६, शहरात १८, उड्डाणपुलाला २०. सर्वांत छोटी १४ सगळ्यांत आधी झिजायला हवी होती, कारण तिच्यावर चेनचा विळखा कमी दात्यांना पडतो. पण ती वापरलीच जात नव्हती, म्हणून वाचली.

आता जुनी चेन. ती रॉकेलने पुसून भिंतीच्या खिळ्याला टांगली आणि तिच्या बाजूला पोलादी फूटपट्टी लावली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचांच्या, ३०४.८ मिलिमीटर. पट्टीचं शून्य एका पिनच्या कडेला लावलं आणि चोविसाव्या कडीनंतरच्या पिनची तीच कड बघितली. ती १२ इंचाच्या रेघेपुढे साडेचार मिलिमीटर निघून गेली होती. दीड टक्का वाढ. शेजारी नवी चेन टांगली, तिची पिन रेघेवर.

दोन चेन शेजारी लोंबताना हा फरक हाताला लागण्याइतका होता. जुनी चेन आडवी धरली की बाजूला कमरेत वाकल्यासारखी झुकत होती, नवी ताठ राहत होती.

चेन "वाढते" म्हणतात, पण पोलादाच्या पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. झिजतात त्या पिना आणि पिनांभोवतीचा आतल्या पट्टीचा गळा. प्रत्येक जोडात केसाएवढी झीज झाली तरी शंभर जोडांची मिळून ती इंचाच्या भाषेत बोलायला लागते. आता अशी लांबलेली चेन हजारो किलोमीटर त्याच दात्यांवर फिरली की रोलर खोबणीच्या तळाला बसत नाहीत, दात्याच्या ज्या बाजूवर ओढ पडते तिच्यावर थोडे वर बसतात. ती बाजू झिजते, खोबण लांबट होते, आणि दाते हळूहळू त्या लांबलेल्या चेनच्या मापाचे होतात. दोघं एकमेकांना जुळवून घेतात. म्हणूनच जुनी चेन जुन्या फ्रीव्हीलवर बिनबोभाट चालत होती, आवाज सोडला तर तक्रार नव्हती.

त्यावर बरोबर मापाची नवी चेन आली की तिचे रोलर या लांबट खोबणींना एकसारखे टेकत नाहीत. सगळा भार वाटून घेण्याऐवजी एका-दोन दात्यांवर येतो. त्या दात्याची बाजू आता सरळ उभी राहिलेली नसते, तिला उतार आलेला असतो. जोर दिला की रोलर त्या उतारावरून वर चढतो आणि शेंड्यावरून पलीकडे पडतो. जोर नसेल तर चढत नाही, म्हणून सपाटीला काही कळत नाही.

या निदानाची खातरजमा करायची एक साधी रीत होती आणि जुनी चेन हाताशी असल्याने ती शक्य झाली. जुनी चेन तात्पुरत्या चेन लॉकने, म्हणजे पिन न ठोकता जोडता येणाऱ्या कडीने, परत चढवली. बाकी काहीही बदललं नाही. तोच ब्रेक, तोच पेडल, तोच माणूस. १६, १८, २० तिन्हींवर दहा-दहा वेळा भार दिला. एकदाही उडाली नाही. झिजलेली चेन चालते आणि निर्दोष चेन उडते, याचा अर्थ दोष फ्रीव्हीलच्या दात्यांत आहे.

नुसतं बघून दाते झिजलेत की नाही हे सांगताना जपून. आजच्या चकत्यांवर काही दाते मुद्दाम आखूड किंवा तिरके कापलेले असतात, चेन एका चकतीवरून दुसऱ्यावर सहज जावी म्हणून. नवख्या नजरेला ते तुटलेले वाटतात. झीज ओळखायची तर एकाच चकतीवरचे एकसारखे कापलेले दाते बघायचे. डावी-उजवी बाजू सारखी आहे की एका बाजूने पोकळ होऊन दाता आकड्यासारखा दिसतोय? इथे १८ च्या चकतीवर हा आकडा स्पष्ट होता. २८ ची चकती मात्र नवीसारखी.

चेनव्हीलही बघितली. ३४ च्या चेनव्हीलवर नवी चेन बसवून पुढच्या टोकाला बोटाने ओढली. ती जेमतेम उचलली गेली, दात्याचा शेंडा झाकलेलाच राहिला. पुढे एका वेळी जास्त दाते भार वाटून घेतात, म्हणून तिथली झीज सावकाश होते. ते बदललं नाही.

हँगर

किरकिर राहिली होती. मागून सायकलच्या रेषेत डोळा लावला तर डिरेलरची खालची पुली चाकाकडे झुकलेली. मालकाला आठवलं की कंपनीच्या पार्किंगमध्ये मोटारसायकलींच्या रांगेत सायकल उजव्या बाजूला पडली होती. डिरेलर ज्या कानाला अडकवलेला असतो तो, म्हणजे हँगर, वाकला होता. हे मोजण्यासाठी खास हत्यार मिळतं, पण नसेल तर दुसऱ्या सायकलचं मागचं चाक चालतं. डिरेलर सोडवून हँगरच्या भोकात त्या चाकाचा आस फिरवून बसवायचा. बहुतेक क्विक रिलीजच्या मागच्या चाकाच्या आसाला आणि हँगरला १० मिलिमीटरचे, एक मिलिमीटर अंतराचे आटे असतात, त्यामुळे तो बसतो. मग दोन्ही चाकांच्या रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. इथे वर आणि खाली यांत ९ मिलिमीटरचा फरक निघाला. चार मिलिमीटरपर्यंत चालतो. या फ्रेमचा हँगर फ्रेमचाच, पोलादी होता, म्हणून त्याच चाकाचा तरफेसारखा उपयोग करून तो सावकाश, एकाच दिशेने सरळ केला. फरक ३ वर आला. अॅल्युमिनियमचा सुटा हँगर असेल तर सरळ करायच्या भरीस पडू नये, तो मोडतो, बदलावा.

हँगर वाकडा असताना केबल कितीही फिरवली तरी गिअर सातही चकत्यांवर एकसारखे बसत नाहीत. वरचे बसले की खालचे बिघडतात. पहिल्या फेरीतला सगळा वेळ त्यातच गेला असणार.

दुरुस्ती

फ्रीव्हील उतरवायला बारा खाचांचं रिमूव्हर लागतं. चाक काढून, क्विक रिलीजचा दांडा बाहेर काढून, रिमूव्हर खाचांत पूर्ण खोल बसवलं. मग दांडा परत घालून त्याचा नट हाताने टेकेपर्यंत लावला. हे फार महत्त्वाचं आहे. रिमूव्हर दाबून धरलेलं नसेल तर जोर लावताना ते उसळतं, खाचा सोलून निघतात, आणि मग फ्रीव्हील फोडूनच काढावं लागतं. उद्यमनगरात कुणाकडेही चांगली वाइस मिळते. रिमूव्हर वाइसमध्ये धरायचं आणि चाकच ट्रकच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायचं. घाटात पेडल मारणाऱ्याचं फ्रीव्हील प्रत्येक चढाला आणखी घट्ट होत गेलेलं असतं, म्हणून पान्याने एकट्याने सुटत नाही. पहिला कचका बसून सुटलं की लगेच नट ढिला करायचा, नाहीतर फ्रीव्हील बाहेर येताना दांडा ताणला जातो.

नवं फ्रीव्हील तेच, १४ ते २८. मालकाला पन्हाळ्यासाठी ३४ दात्यांची मोठी चकती हवी होती. पण या सायकलचा डिरेलर २८ पर्यंतचाच होता. त्याहून मोठी चकती घेतली तर वरची पुली तिला घासते आणि चेनची लांबीही नव्याने ठरवावी लागते. डिरेलर बदलायची तयारी असेल तेव्हाच तो विचार करावा. आट्यांना ग्रीस लावून फ्रीव्हील आधी हातानेच तीन-चार फेरे बसवलं. हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, आटे अॅल्युमिनियमचे असतात, तिरका आटा गेला तर हब कायमचा जातो. पान्याने आवळायची गरज नाही, पेडल मारताना ते आपोआप घट्ट होतं.

नुसत्या तीन चकत्या बदलता आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सात गतींच्या फ्रीव्हीलच्या सुट्या चकत्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे २८ ची नवीसारखी चकतीही त्याबरोबर गेली.

नवी चेन टाकून द्यायची की वाचवायची? तिच्यावर पंधराच दिवस झाले होते, झीज शून्य. आधी लागणारी लांबी ठरवली. डिरेलर सोडून चेन पुढच्या ४२ आणि मागच्या २८ वरून घट्ट ओढायची, जिथे टोकं मिळतात त्यात आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच धरायचा. उत्तर आलं १०८. आखूड केलेल्या १०६ कड्यांवर ४२-२८ चा गिअर चुकून पडला असता तर पिंजरा पूर्ण पुढे ओढला गेला असता. घाटात घाईघाईने गिअर टाकताना असं होतं, आणि मग डिरेलर उपटून स्पोकमध्ये जातो.

पिशवीतला दोन कड्यांचा तुकडा इथे कामाला आला. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी एकाआड एक असते. सैल पिनची बाहेरची कडी कापून फेकली, उरल्या १०५. चेन लॉक ही स्वतः बाहेरची कडीच असते. म्हणून एक चेन लॉक, मग तुकड्यातली आतली कडी, मग दुसरं चेन लॉक, अशा तीन कड्या घालून १०८ पूर्ण केल्या. एका चेनला दोन लॉक असली तरी काही बिघडत नाही, फक्त ती सहा-सात-आठ गतींच्या मापाचीच हवीत. अरुंद चेनचं लॉक यात बसत नाही, आणि एका गिअरच्या सायकलचं जाड लॉक डिरेलरमधून अडकत जातं. लॉक वरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक धरून पेडलवर एक दाब दिला की टक् आवाज करून बसतं.

मग गिअर. क्रम महत्त्वाचा: हँगर, फ्रीव्हील, चेन, आणि सगळ्यांत शेवटी केबल. बॅरल पूर्ण आत, मग दोन फेरे बाहेर. शिफ्टर सर्वांत जड गिअरवर, चेन १४ वर, केबल हाताने ताणून बोल्ट आवळला. मग डिरेलरची दोन्हीकडची हद्द ठरवणारे स्क्रू: एच स्क्रूने वरची पुली १४ च्या चकतीच्या खाली आणली, एल स्क्रूने २८ च्या, म्हणजे चेन स्पोकमध्ये जाणार नाही. मधले गिअर बॅरलच्या पाव-पाव फेऱ्याने. किरकिर मोठ्या चकतीच्या बाजूने असेल तर बॅरल आत, छोटीच्या बाजूने असेल तर बाहेर.

चाचणी टेंबलाईच्या चढावर घेतली, कारण रिकाम्या सपाटीवर हा बिघाड दिसतच नाही. ३४ पुढे, मागे १६, १८, २०, २२ क्रमाने, प्रत्येकात थांबून उभ्याने सुरुवात. चेन उडाली नाही, तीन फेऱ्यांचा झटकाही गेला होता.

झीज इतकी का झाली

आठ हजार किलोमीटर एकाच चेनवर हे मुळातच जास्त आहेत, पण कारणं आणखीही आहेत. गोकुळ शिरगावात फाउंड्र्या आहेत आणि साच्यांची बारीक वाळू त्या भागातल्या रस्त्यांवर सांडलेली असते. सिलिकाची ती वाळू पिनेच्या पोलादाला कानशीसारखी घासते. पावसाळ्यात जोतिबाच्या बाजूची तांबडी माती चेनवर चिखल होऊन बसते, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीच्या चाकांबरोबर शेतातली माती डांबरावर येते. आणि या सगळ्यावर मालक गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतत होता. त्या तेलात आधीच इंजिनातला लोखंडी चुरा आणि काजळी असते. वर ते चिकट, त्यामुळे रस्त्यावरची वाळू धरून ठेवतं. चेन काळी, ओली दिसते, म्हणून तेल भरपूर आहे असं वाटतं, आणि आत पिनेवर दळण चाललेलं असतं.

तेल पातळ घ्यायचं, प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. तेल लागतं ते आत, पट्टीच्या बाहेर नाही. पावसात भिजलेली चेन त्याच संध्याकाळी पुसायची. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धुऊ नये, पाणी फ्रीव्हीलच्या आतल्या गोळ्यांत शिरतं. नवी चेन रॉकेलात बुडवून "साफ" करायचीही गरज नाही. कारखान्यातलं आतलं ग्रीस निघून जातं आणि तेवढं चांगलं वंगण परत आत घालता येत नाही.

आणि दर महिन्याला फूटपट्टी. चेन सायकलवरच असताना, खालचा नाही, वरचा ताणलेला भाग मोजायचा. २४ कड्या १२ इंच आणि अर्धं सूत, म्हणजे साधारण ३०६.४ मिलिमीटर झाल्या की नवी चेन आणून ठेवायची, आणि ३०७ ओलांडायच्या आत चढवायची. तेवढ्यात बदलली तर एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेन सहज निघतात. १२ इंच एक सूत झालं की फ्रीव्हील बहुधा गेलेलं असतं, आणि मग नुसती चेन बदलण्यात अर्थ नाही. त्या अवस्थेत पैसे नसतील तर जुन्या चेनवर जुनं फ्रीव्हील काही दिवस सपाटीला चालवलं तरी एक वेळ चालेल. जुन्या फ्रीव्हीलवर नवी चेन घालून घाटात मात्र जायचं नाही.

या सायकलचं ३४ चं चेनव्हील आता निम्म्या आयुष्याला आलं आहे. शंभरेक किलोमीटरनंतर केबल थोडी सैल होईल, तेव्हा बॅरल पाव फेरा बाहेर घ्यावं लागेल. पुढची चेन बदलताना सगळ्यांत आधी ते चेनव्हील बघायचं. नव्या चेनचं आजचं माप, ३०४.८, आणि तारीख मालकाने सीटखालच्या नळीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवली आहे.